पूर्णा दोन कोसांवर

"हाडं धुवाले बाईमाणूस लागते," पंतसाहेब म्हणाले. "आमच्या बेटावर आई धुते, नाही तर आत्या. इथी माझं कोण आहे? तू धुशील का, तुळसे?"

मी दवाखान्याच्या ओसरीवर बसून पट्ट्या गुंडाळत होते. समोर बायका लेकरं घेऊन ओळीनं बसलेल्या, सकाळचे दहा वाजलेले, आणि हा म्हातारा गोरा माणूस खुर्ची ओढून माझ्यापुढे बसलेला.

"कोणाची हाडं, साहेब?"

"देस्पिनाची. आणखी कोणाची?"

देस्पिना त्यांची एकुलती एक मुलगी. गावानं तिची देसू केली होती. त्यांचंही खरं नाव पांतेलिस असं काहीतरी होतं, त्याचे पंतसाहेब झाले. ते ग्रीक. त्यांचे चुलते-पुतणे म्हणे देशोदेशी कापूस विकत पसरले होते. हे आमच्या वऱ्हाडात आले ते राहिले. दोन जिनिंग, एक प्रेस, आणि त्यातून जे निघालं ते त्यांनी गावातच ओतलं. हा बायाबापड्यांचा दवाखाना त्यांचा, मुलींची शाळा त्यांची, दुष्काळात तीन महिने खिचडीच्या कढया चालल्या त्याही त्यांच्याच. मराठी शिकले गाडीवानांकडून, त्यामुळे लहानथोर सगळ्यांना तू म्हणायचे. त्याचं कोणाला वाईट वाटत नव्हतं.

मी त्यांच्या जिनिंगमधल्या मुकादमाची पोर. पंधराव्या वर्षी नवरा गेला तेव्हा साहेबच बाच्या मागे लागले, की हिला नागपूरला पाठव, नर्सिंग शिकू दे. बा नाही म्हणत होता. साहेब आमच्या दारात उन्हात उभे राहिले, तो हो म्हणेपर्यंत. म्हणून आज ब्याऐंशीव्या वर्षी मी स्वतःची पेन्शन खाते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मी कोणाचं खाऊन काय केलं ते ध्यानात राहील.

"मारिगोचं पत्र आलं," साहेब म्हणाले. मारिगो त्यांची थोरली बहीण, गावी एकटी राहायची. "लिहिते, मी थकली. पोरीले घेऊन ये. तिच्या आईशेजारी जागा करून ठेवली." मग त्यांनी मला त्यांची रीत समजावून सांगितली. माणूस पुरला की तीन-चार वर्षांनी कबर उघडायची. हाडं बाहेर काढून द्राक्षाच्या दारूनं धुवायची, पेटीत ठेवायची, घरच्या सगळ्यांच्या हाडांजवळ नेऊन ठेवायची. तोवर माणूस घरी पोचला असं ते धरत नाहीत.

"मी एकवीस वर्षं टाळलं," ते म्हणाले. "वाटे, तिले उठवायचं कशाले. आता माझंही वय झालं. मी गेलो तर तिले कोण आणेल? धुशील नं?"

देसू माझ्याच वयाची. नऊ वर्षांच्या होतो आम्ही. सरकीच्या ढिगावर घसरगुंडी करायचो, आणि तिच्या केसात अडकलेल्या सरक्या मी वेचून काढायचे. "धुईन," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते आवडलंही होतं, की एवढ्या मोठ्या माणसानं हे काम मला सांगावं.

दुपारी घरी गेले. बा खाटेवर बसून डाव्या हातानं जेवत होता. उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली होती.

"बा, साहेब देसूले घेऊन चालले," मी म्हटलं. "कबर खोदणार आहेत. हाडं धुऊन गावी नेतात म्हणे ते लोक. मले सांगतलं धुवाले."

बाचा घास हातातच राहिला. "कवा?"

"येत्या शुक्रवारच्या पुढल्या शुक्रवारी."

त्यानं ताट बाजूला सरकवलं. बराच वेळ तो भिंतीकडे बघत होता. मला वाटलं पुन्हा झटका येतो की काय, म्हणून मी उठून त्याची नाडी धरली. त्यानं हात सोडवून घेतला.

"तिथी देसू नाही," तो म्हणाला. "त्या खड्ड्यात कोणीच नाही. म्या तिले जाळलं, तुळसे. पूर्णेवर."

बा सांगत गेला. प्लेगचं ते वर्ष मलाही आठवतं, सगळं गाव शेतात झोपड्या करून राहिलं होतं. साहेब गाठीच्या तापात बेशुद्ध, देसूची आई, मेमसाहेब, आधीच तिकडे बेटावर वारलेल्या, आणि सकाळी देसू गेली. डॉक्टर म्हणाला, मुकादम, ताबडतोब न्या. बा तिला गाडीत घालून गोऱ्यांच्या कबरस्तानात गेला. कबर खोदणारा स्वतःच मेला होता. आदल्या दिवशी कोणीतरी घाईनं उथळ पुरलेलं एक प्रेत कोल्ह्यांनी उकरून काढलेलं होतं, ते बानं डोळ्यांनी पाहिलं.

"मंग कसं ठेवू तिथी तिले?" बा म्हणाला. "आपल्या घरचं लेकरू असतं तर ठेवलं असतं का? पूर्णेवर नेलं. बाभळीचे ओंडके घातले, वर कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या. बाप शुद्धीत नाही, म्हणून म्या अग्नी देल्ला. राख थंडी होईपर्यंत तिथीच बसलो. मंग नदीत सोडलं."

"अन् साहेबाले?"

"वीस दिवसांनी डोळे उघडले त्यानं. म्या सांगाले तोंड उघडलंच होतं, तर तोच म्हणे, मुकादम, मातीत ठेवली नं? जाळली तर नाही नं? त्यांच्यात जाळत नाहीत म्हणे, जाळलं की जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेलं माणूस उठत नाही. त्याचे ते डोळे पाहून म्या म्हटलं, नाही साहेब, मातीत हाय, बाभळीखाली. तिच्या गळ्यातला चांदीचा क्रूस काढून ठेवला होता, तो त्याच्या हाती देल्ला. अन् त्याच दिवशी जाऊन तिथी मातीचा उंचवटा केला."

त्या उंचवट्यावर साहेबांनी पुढं संगमरवर बसवला. दर रविवारी तिथं दिवा लावला. दर वर्षी देसू गेली त्या दिवशी स्वतः गहू शिजवायचे, त्यात साखर, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालून दवाखान्यातल्या एकेका बाईच्या हातावर ठेवायचे. मेलेल्यासाठी गहू वाटायचा ही त्यांची रीत. बाही ओंजळ पुढं करून तो गहू खायचा. एकवीस वर्षं त्यानं ते कसं गिळलं देव जाणे.

"मले खाटेसकट उचलून ने त्याच्याकडे," बा म्हणाला. "मी सांगतो. त्यानं मारलं तरी चालेल."

"तू नोको," मी म्हटलं. "मी सांगते."

असं मी आपण होऊन अंगावर घेतलं. बानं नाही लादलं.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले तर दिवाणखान्यात सुतारानं आणलेली शिसवी पेटी होती, हातभर लांब. साहेब जमिनीवर मांडी घालून बसलेले आणि भोवती रुईचे नमुने पसरलेले. बोंडातली रुई चिमटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी ओढायची आणि धागा किती लांब निघतो ते पाहायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. बोटांवरून सांगायचे कापूस कोणत्या गावचा.

"पेटीत आतून लावायची आहे," ते म्हणाले. "तीन दिवस झाले, निवडतोच आहे. आखूड धाग्याची टोचते. हात लाव, ही कशी वाटते?"

मी हात लावला. "साहेब..." मी म्हटलं.

"बोल."

"मऊ आहे."

एवढंच बोलून मी परत आले. उद्या सांगू म्हटलं. उद्या गेले तर ते बहिणीला पत्र लिहीत होते, परवा गेले तर ते दवाखान्यातल्या बायांचा निरोप घेत होते आणि हसत होते. त्या माणसाला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. संध्याकाळी बा विचारायचा, "सांगतलं?" आणि मी म्हणायचे, "उद्या." नवव्या दिवशी मी म्हटलं, "सांगतलं."

"काय म्हणे?"

"म्हणे, मुकादमानं चांगलं केलं. कोल्ह्यांपासून वाचवलं."

बा लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि मनात म्हणत होते, उद्या सकाळी लवकर जाऊन खरंच सांगेन. दुसरा दिवस तो शुक्रवार होता.

सकाळी कबरस्तानात आम्ही चौघंच. साहेब, मी, आणि फत्तू आणि त्याचा भाऊ, खोदणारे. मी स्वच्छ पांढरी चादर आणली होती, साहेबांनी दारूची बाटली आणि ती पेटी. संगमरवर बाजूला केला. फत्तूनं पहिली कुदळ घातली तेव्हा साहेबांनी टोपी काढून छातीशी धरली आणि आपल्या भाषेत पुटपुटायला लागले. अजूनही वेळ होता. मी त्यांच्या बाजूला उभी होते, नुसतं बाहीला हात लावायचा होता.

गुडघाभर खणलं. कमरेएवढं खणलं. फत्तू थांबला आणि त्यानं वर बघितलं. साहेबांनी मान हलवून खुणावलं, अजून. छातीइतका खड्डा झाला. ओली काळी माती नुसती, एक लाकडाचा तुकडा नाही की कापडाची चिंधी नाही.

"साहेब, इथी काहीच नाही," फत्तू म्हणाला.

साहेब काठाशी गुडघ्यांवर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते विचारत होते, आणि उत्तर माझ्याकडे होतं.

"काळी माती आहे ही, साहेब," माझ्या तोंडून निघालं. "ही काही शिल्लक ठेवत नाही. लेकराची हाडं कोवळी, एकवीस पावसाळे झाले. सगळं मुरते."

"दात तर राह्यते, बाई," फत्तू खड्ड्यातून म्हणाला. "दात कधी मुरत नाही."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. "लेकराचे दुधाचे दात," मी म्हटलं. "तुले काय समजते?"

नऊ वर्षांच्या पोरीला पक्के दात आलेले असतात. मी नर्स होते, मला हे चांगलं ठाऊक होतं.

साहेब खड्ड्यात उतरले. तळाची माती त्यांनी चिमटीत घेतली, कापूस बघतात तशी अंगठ्यांखाली हळूहळू ओढून बघितली. खूप वेळ लावला. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"आमच्या गावी म्हाताऱ्या म्हणतात," ते म्हणाले, "माती ज्याच्यावर खूश, त्याची हाडं स्वच्छ पिवळी निघतात. हिच्यावर तर एवढी खूश झाली, काही वापसच नाही देल्लं." त्यांनी बाटली उघडली आणि सगळी दारू त्या तळात ओतली. फत्तूनं हात देऊन त्यांना वर घेतलं.

पेटी रिकामी तशीच पडली होती, आत ती लांब धाग्याची रुई.

"मूठभर माती न्या नं, साहेब," मी म्हटलं. "तिथं आईशेजारी ठेवा."

"कोणती मूठ, तुळसे?" ते म्हणाले. "ती कोणत्या मुठीत आली, मले कसं समजेल? अर्धी नेऊ अन् अर्धी इथी सोडू?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "नाही. ती सारी इथीच झाली. मग मीबी कुठं जाऊ?"

मुंबईहून निघणाऱ्या बोटीवरची त्यांची जागा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिली. मारिगोला पत्र गेलं. दोन वर्षांनी तिकडून काळ्या काठाचं पत्र आलं, मारिगो गेली. त्या दिवशी त्यांनी दोन पातेली गहू शिजवला.

बा त्याआधीच गेला. साहेब त्याला भेटायला यायचे, तेव्हा बा त्यांचा हात कपाळाला लावून रडायचा. साहेबांना वाटायचं आजारी माणूस आहे, जुन्या ओळखीनं रडतो. बाला वाटायचं साहेबांनी माफ केलं. मी मधे उभी राहून दोघांना चहा द्यायचे.

चार वर्षं साहेब रोज संध्याकाळी कबरस्तानात जाऊन बसायचे. पूर्वी रविवारी जात, आता रोज. पावसात छत्री घेऊन बसत. जिनिंग मुंबईहून बोलावून घेतलेल्या पुतण्याच्या हवाली केलं आणि वेताची एक खुर्ची तिथं नेऊन ठेवली. मला सांगत, "आज तिले मारिगोच्या लिंबाच्या झाडाचं सांगतलं." मी बरं म्हणायचे. मनाशी म्हणायचे, सुखात आहे म्हातारा, कशाला उकरायचं.

मग फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यातच ठेवलं होतं त्यांना, खिडकीजवळच्या खाटेवर, बायांच्या वॉर्डाला लागून. दिवसरात्र मीच होते. एका दुपारी ते जरा शुद्धीवर होते, बोलतही होते.

"मले तिच्या शेजारी ठेवा," ते म्हणाले. "खांद्याले खांदा. फत्तूले सांगून ठेव."

आणि मी सांगितलं. सगळं, प्लेगपासून. लोक म्हणतील मरणाऱ्या माणसाशी खरं बोलावं म्हणून सांगितलं असेल. तसं काही नाही. त्यांना कळावं म्हणून नाही सांगितलं, मला ते पोटात घेऊन पुढं जगवत नव्हतं म्हणून सांगितलं. सांगायचं तेव्हा गप्प बसले आणि गप्प बसायचं तेव्हा बोलले.

ते ऐकत होते. मधे एकदाही थांबवलं नाही.

"कोण होतं तिच्याजवळ?" त्यांनी विचारलं.

"बा. राख थंड होईपर्यंत तिथंच बसला होता."

"रडला?"

"हो."

"कोणती नदी?"

"पूर्णा, साहेब."

"ती कुठं जाते?"

"तापीत. मग सुरतेजवळ समुद्रात."

ते खिडकीकडे बघत राहिले. समुद्र म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, कारण ते बेटावरचे, लहानपणी होडीत वाढलेले. मला आशा वाटली. वाटलं आता म्हणतील, पोरगी माझ्याआधी घरी पोचली.

"म्हणजे मी जाऊ शकलो असतो," ते म्हणाले. "मारिगो वाट बघत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुळसे, मग चार वर्षं मी कोणाजवळ बसलो होतो?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत. तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी पाणी घेऊन गेले तर ओठ मिटून घेतले. दुसऱ्या नर्सनं, शेवंतानं, तोच पेला धरला तेव्हा दोन घोट प्यायले. असे तीन दिवस गेले. माझ्या हातचं औषध नाही, माझ्या हातची चादर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंताच उठवायला आली मला, की साहेब गेले.

पुतण्यानं त्यांना बाभळीखालीच पुरलं, देसूच्या शेजारी. त्यांची आधीची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती, नंतरची कोणी विचारलीच नव्हती. माझ्याशिवाय कोणाला काही माहीत नव्हतं, आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. त्यांच्या धर्माचा पाद्री कलकत्त्याहून पोचेपर्यंत आठ दिवस झाले होते. त्यानं दोन्ही कबरींवर मंत्र म्हटले.

चाळिसाव्या दिवशी गहू वाटतात हे मला त्यांच्याकडूनच माहीत होतं. मी शिजवला. साखर, बेदाणे घातले, डाळिंब सोललं. थोडा त्यांच्या कबरीवर ठेवला. शेजारच्या संगमरवरावर काही ठेवलं नाही. उरलेला डब्यात घालून नदीकडे निघाले.

त्याआधी मी तिकडे कधीच गेले नव्हते. गाडी सांगायला गेले तर गाडीवान हसला, म्हणाला, "बाई, पूर्णेवर जायले गाडी कशाले?" म्हणून पायीच गेले. मधे ज्वारीची शेतं, एक नाला, मग उतार. पोचले तेव्हा डब्यातला गहू अजून कोमट होता. दोन कोस फक्त. म्हातारा रोज चालत गेला असता.